समई छाप केरसुणी

एका बाजारगावात एक दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या दगडी पायरीला एक खळगा पडला होता. वाटीएवढा. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या येऊन प्यायच्या. तो खळगा पाण्याने पडला नव्हता की गाडीच्या चाकाने. केरसुण्या आपटून आपटून पडला होता.

दुकान भिकनशेठ वाण्यांचं. चार ठिकाणचा माल तिथे मिळायचाच, पण काही वस्तू दुकानाच्या स्वतःच्या होत्या. देवाच्या वाती, भांडी घासायची पावडर, कपडे वाळत घालायची दोरी आणि केरसुण्या. प्रत्येक वस्तूवर कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवर समईचं चित्र. त्यामुळे लोक म्हणायचे, समई छाप. नवी सून घरात आली की सासू तिला पहिल्या आठवड्यातच सांगायची, "वाती समई छापच आण गं. आरती संपेपर्यंत विझत नाहीत."

केरसुण्या दुकानाच्या मागच्या पडवीत बांधल्या जायच्या. बांधणाऱ्या बायकांत मोठी होती कौतिकबाई. सकाळी ती शिंदीची पानं भिजवायची, बांधायची, आणि दुपारी पुढे येऊन विकायला उभी राहायची. उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत. गावातलं एकही घर तिला अनोळखी नव्हतं. कुणाची जमीन शेणाने सारवलेली, कुणाची फरशी, कुणाच्या अंगणात कडुनिंबाचा पाला पडतो, सगळं तोंडपाठ. केरसुणी मागितली की आधी विचारायची, "घरात झाडायची की अंगणात?" आणि मग हात घालून बरोबर तीच काढायची.

पण द्यायची मात्र लगेच नाही. केरसुणी उलटी धरायची, तिचा बुंधा पायरीवर तीनदा आपटायचा, दाण, दाण, दाण, आणि मग एकदा झटकायची. सैल पान असेल ते तिथेच गळायचं. भुसा असेल तो तिथेच सांडायचा. म्हणायची, "जो कचरा व्हायचा तो आमच्या दारात होऊ दे. तुमच्या घरात कशाला?" हा भिकनशेठचा नियम होता. त्यानंतरही एक जरी पान हललं, तर ती केरसुणी परत पडवीत.

कधी कधी ती विकायचीच नाही. "अहो काकू, नागपंचमीला नेलीत ना? इतक्यात कशी झिजली? सुनेला सांगा, उभी टेकवून ठेवू नको, आडवी ठेव. शेंडे वाकतात." काकू रिकाम्या हाताने घरी. आणि भिकनशेठ गादीवर बसून हसायचे. असं दुकान चालतं का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "चालतंय बघा, डोळ्यांसमोरच चालतंय."

पुढे भिकनशेठ गेले आणि त्यांचा मुलगा हेमराज गादीवर बसला. मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. हुशार होता, सकाळी सातला दुकान उघडायचा, व्यसन कसलं नाही. फक्त त्याला दुकान चकचकीत हवं होतं. त्याने काचेचा दरवाजा बसवला. पायरीवर पांढऱ्या गुळगुळीत लाद्या घातल्या. खळगा त्याखाली गेला. आपटाआपटी बंद झाली, कारण काचेवर धूळ बसते. पडवीतली बांधणी बंद झाली, कारण शहरातून तयार केरसुण्यांच्या मोळ्या येऊ लागल्या. मोळी सोडायची आणि समईची चिठ्ठी चिकटवायची. पडवीतल्या बाकीच्या बायका आपापल्या घरी गेल्या. कौतिकबाईला त्याने ठेवलं, पण पिशव्या भरून द्यायला.

वाती, पावडर, दोरीही तिथूनच स्वस्तात यायला लागली. हळूहळू समई छाप वाती आरती अर्ध्यात असताना विझायला लागल्या. पावडर भांड्यांपेक्षा हातच जास्त घासायला लागली. एकीने दोरीवर ओली गोधडी टाकली तर दोरी तुटून गोधडी शेजारच्या म्हशीच्या अंगावर पडली. म्हैस उधळली ती थेट चावडीपर्यंत. शेजारीण तक्रार घेऊन गेली तर हेमराज म्हणाला, "काकू, गोधडी जास्त ओली असेल."

"गोधडी ओली नसेल तर वाळत कशाला घालीन रे?" काकू म्हणाल्या. दुकानातले सगळे हसले. हेमराज हसला नाही. "पुढचे कोण?" एवढंच म्हणाला.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी केरसुणी लागतेच. तिला हळदकुंकू वाहायचं, लक्ष्मी म्हणून पुजायची आणि पाडव्याच्या पहाटेपासून वापरायला काढायची. त्यामुळे सणाच्या आधी चार दिवस गावात जेवढ्या केरसुण्या खपायच्या, तेवढ्या वर्षभरात खपत नसत. हेमराजने मोळ्याच मोळ्या मागवल्या.

वसुबारसेच्या सकाळी दुकान उघडायच्या आधी कौतिकबाईने एक मोळी सोडली. एक केरसुणी हातात घेतली. वजन लागेना. ती बाहेर गेली, लादीवर तिने बुंधा आपटला. पहिल्यांदा भुसा पडला. दुसऱ्यांदा सुतळी घसरली. तिसऱ्यांदा हातात नुसती सुतळी राहिली आणि पानं पांढऱ्या लादीवर पसरली. आत बघितलं तर वरवर दोन थर पानांचे आणि मधे कोंबलेलं गवत.

"शेठ," ती म्हणाली, "ही पूजेला द्यायची?"

हेमराज आधी वरमला. पण मोळ्या तर येऊन पडल्या होत्या. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही विचार करा. पूजेची केरसुणी आजपर्यंत कधी परत आलीय? एकदा कुंकू लागलं की ती लक्ष्मी. लक्ष्मी कुणी दुकानात परत देतं का?"

कौतिकबाईने त्याच्याकडे बघितलं. या मुलाला तिने पडवीत पानांच्या ढिगावर झोपवलं होतं.

"म्हणजे जिला परत करता येणार नाही, तिलाच ही द्यायची?"

"तुम्ही आपटू नका म्हणजे झालं. आणि जमत नसेल तर..." तो थांबला.

"जमत नसेल तर येऊ नको, असंच ना?" कौतिकबाईने पदराने हात पुसले. "बरं. माझ्या हाताने ही कुणाला देणं व्हायचं नाही."

ती गेली. तीस वर्षांची सवय, पायरी उतरताना पाय खळगा शोधत होता.

आता तुम्ही म्हणाल, तिने गावाला सांगायचं होतं! तिच्याही मनात ते आलं. दोनदा तिने चपला घातल्या आणि दोनदा काढून ठेवल्या. ज्या घरचं मीठ खाल्लं, त्याची सणाच्या तोंडावर बदनामी कशी करायची? शेजारणींनी विचारलं, तर म्हणाली, "पाय दुखतात." दुकानात बायकांनी विचारलं, "कौतिक कुठे दिसत नाही?" तर हेमराज म्हणाला, "बरं नाही त्यांना." दोघंही खोटं बोलले, फरक एवढाच की एकीला ते टोचत राहिलं.

पाडव्याच्या पहाटे घरोघरी केरसुण्या हातात घेतल्या गेल्या, आणि घरोघरी त्या विस्कटल्या. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या तुळशीपुढे, अगदी काढलेल्या रांगोळीवर. कुणाला वाटलं, आपल्याच हाताने जोर जास्त लागला. कुणाला वाटलं, उंदराने सुतळी कुरतडली. परत मात्र एकीनेही नेली नाही. हळदकुंकू लागलेली लक्ष्मी दुकानाच्या फळीवर नेऊन टाकायची कशी? आणि शेजारणीला सांगायचं तरी कसं, की सणाच्या दिवशी आमच्या घरात लक्ष्मी विस्कटली? जो तो आपलं झाकून बसला. हेमराजने चार दिवस वाट पाहिली. एक तक्रार नाही. त्याने मनाशी म्हटलं, बघा, बरोबर होतं माझं.

पण जमनाबाईंच्या घरात वेगळंच झालं. त्यांची सून सरला, लग्नानंतरची तिची पहिलीच दिवाळी. पाडव्याला तिने केरसुणी उचलली आणि ती तिच्या हातात सुटली. जमनाबाईंनी कपाळाला हात लावला. "पाऊल ठेवून वर्ष झालं नाही, तोवर लक्ष्मी विस्कटली या घरातली!" त्या दिवसापासून सासू सुनेशी धड बोलेना. पोरीला देवाच्या खोलीत जायची बंदी. गल्लीत अशा गोष्टी कान लावून ऐकाव्या लागत नाहीत, त्या आपणच दारात येऊन बसतात.

पाचव्या दिवशी सरला पदराखाली काहीतरी झाकून कौतिकबाईकडे आली. पदर काढला तर आत सुटी पानं, त्यांवर अजून कुंकू, आणि घसरलेली समईची चिठ्ठी.

"मावशी, गुपचूप बांधून द्या ना. माझ्या हातात काय दोष आहे कळत नाही."

कौतिकबाईने पानं हातात घेतली. त्यांतलं गवत वेगळं काढून मुठीत धरलं. मग उठली, चपला घातल्या. या वेळी काढल्या नाहीत.

जमनाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कौतिकबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "जमनाबाई, सुनेच्या हातात खोट नाही. खोट आमच्या बांधणीत आहे."

"तुमच्या? तुम्ही तर दुकान सोडलंत म्हणे."

"सोडलं. पण कशासाठी सोडलं ते गावाला सांगितलं नाही. तेवढी खोट माझी. या केरसुणीच्या पोटात गवत आहे, हे मला वसुबारसेलाच ठाऊक होतं." तिने मूठभर गवत पुढे केलं. "बघा. हे तुमच्या सुनेने भरलं का?"

जमनाबाईंनी गवत बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि मग सूप खाली ठेवलं. त्या काही माफी मागणाऱ्यातल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "सरले, मावशींना चहा टाक. आणि देवापुढची पणती विझलीय, येता येता लाव." सरला घाईघाईने आत गेली. कपबशा इतक्या वाजल्या की बाहेर ऐकू आल्या.

मग काय, बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी कौतिकबाईच्या ओसरीवर दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी नऊ. सगळ्यांच्या पदराखाली तेच. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच घरी असं झालं. एकमेकींना बघून आधी लाजल्या, मग हसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बाई, म्हणजे उंदीर नव्हताच!" दुसरी म्हणाली, "मी तर नवऱ्याला दोन दिवस बोलतेय, तुम्ही लाथ लावलीत म्हणून."

कौतिकबाईने नदीकाठची शिंदीची पानं आणली, भिजवली, आणि बांधायला बसली. हळदकुंकू लागलेलं पान ती आपटत नसे. ती पानं वेगळी काढी. नवी पानं आधी दगडावर आपटून झटकून घेई, मग कुंकवाची पानं मधोमध ठेवी आणि भोवतीनं नवी लावून, सुतळी पायाच्या अंगठ्यात धरून, दात आवळून गाठ मारी. आणि शेवटी समईची चिठ्ठी. ओली करून सोडवलेली, उन्हात वाळवलेली, खळ लावून पुन्हा चिकटवलेली. बायका म्हणायच्या, "कौतिक, ती चिठ्ठी टाक की चुलीत." ती ऐकायची नाही.

हेमराजच्या कानावर गेलं. दुकान तर दिवसेंदिवस रिकामं पडत होतं. येणारं गिऱ्हाईक साखर, चहा घ्यायचं, समई छापाकडे बघायचंही नाही, आणि भांडायचंही नाही. त्याचा जीव त्यानेच जास्त घाबरा झाला होता. तो तरातरा कौतिकबाईच्या ओसरीवर आला.

"मावशी, माझी गिऱ्हाइकं पळवता? हेच करायचं होतं म्हणून सोडून गेलात?"

कौतिकबाई गाठ मारत होती. मान वर न करता म्हणाली, "आलास? ही सुतळी धर जरा. माझा अंगठा सोलला."

हेमराज पुढे सरकला. आणि खरं सांगायचं तर त्या आवाजात 'शेठ' नव्हतं, म्हणून तो बसला. त्याने सुतळी धरली.

"अशी नाही. आवळून. बाप कसा धरायचा?"

त्याने आवळून धरली. सुतळी तळहातात रुतली. गाठ बसली. मग कौतिकबाईने चिठ्ठी उचलली, खळ लावली.

"ही कशाला लावता परत?" हेमराजने विचारलं. "बांधता तुम्ही, पानं तुमची. तुमचं नाव लावा."

"माझं नाव बघून कुणी नेली होती का? लोकांनी समई बघून नेली. मग ती समईसकट टिकली पाहिजे. भिकनशेठचं नाव विस्कटलेल्या केरसुणीवर राहायला नको, म्हणून बसलेय इथे. तुझी गिऱ्हाइकं नकोत मला, बाबा. घेऊन जा."

 नजर चुकवायला म्हणून हेमराजने भिंतीशी ठेवलेल्या केरसुण्यांकडे बघितलं. दहा-बारा अजून बांधायच्या होत्या. त्यातल्या एका जुडीला लाल-पिवळ्या खणाचा तुकडा गुंडाळलेला होता. असा खण गावात एकच बाई केरसुणीला गुंडाळायची, आणि तिच्याच हातचं जेवून तो आत्ता आला होता.

"ही आमच्या आईची?"

"कालच आणली त्यांनी. मागच्या गल्लीने आल्या, पदराखाली झाकून. भिकनशेठ वाण्यांची बायको, आणि आपल्याच दुकानातली केरसुणी लपवून आणली बांधायला."

"पण आई मला काही बोलली नाही!"

"तूच म्हणाला होतास ना, लक्ष्मी कुणी परत देत नाही? नाहीच दिली कुणी. तुझ्या आईनेसुद्धा."

हेमराजने मान खाली घातली ती वर करवेना. तशीच खाली मान ठेवून त्याने ती खणाची जुडी पुढे ओढली आणि म्हणाला, "ही मला बांधू द्या. तुम्ही सांगा, मी आवळतो." त्या एका केरसुणीला त्याला अर्धी दुपार लागली. तीनदा सुटली. चौथ्यांदा टिकली. वाकडी झाली होती जरा, पण टिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत ठाकठोक सुरू झाली. लोक बाहेर येऊन बघतात तो हेमराजशेठ स्वतः हातोडा घेऊन पायरीच्या पांढऱ्या लाद्या फोडतोय. खालचा काळा दगड उघडा पडला आणि खळगाही. दुकानातल्या उरलेल्या मोळ्या त्याने पडवीत नेऊन सोडल्या, गवत वेगळं, पानं वेगळी. घरी गेलेल्या बायकांना बोलावून आणलं. अर्ध्यात विझणाऱ्या वाती, कच्च्या दोऱ्या, ती पावडर, सगळं फळीवरून खाली आलं. आणि काचेवर त्याने मोठ्या अक्षरांत कागद लावला: 'दिवाळीत आमच्याकडून नेलेली केरसुणी विस्कटली असेल तर घेऊन यावी. परत द्यायची नाही, नीट बांधून घरी न्यायची आहे. चूक आमची आहे.'

तो कागद वाचायला गाव लोटलं. जमनाबाईंनी सरलेकडून मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. दुसऱ्यांदा 'चूक आमची आहे' आल्यावर म्हणाल्या, "भिकनशेठचाच मुलगा."

कौतिकबाई संध्याकाळी आली. आत गेली नाही, आधी पायरीशी वाकली आणि बोटाने खळगा चाचपला.

"चुना अडकलाय यात. काढ."

"काढतो, मावशी."

"काचेवर धूळ बसेल हं."

"बसू दे. मी पुसेन. समई छाप केरसुणीनेच झाडेन."

"काच केरसुणीने नाही झाडत रे," कौतिकबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा तो खणखणीत हसण्याचा आवाज बाजारात ऐकू आला.

अजूनही त्या दुकानात कुणी केरसुणी घेतली की आधी तीन वेळा आवाज येतो. आता आपटतो तो हेमराज. आणि पावसाळ्यात त्या खळग्यात पाणी साचलं, की चिमण्या पिऊन जाईपर्यंत तो थांबतो, आणि मग आपटतो.

तात्पर्य: जो माणूस दिलेली वस्तू परत आणू शकत नाही, त्याला सगळ्यात चांगली वस्तू द्यावी. तो तक्रार करत नाही म्हणून आपण बरोबर ठरत नाही. आणि चूक झालीच, तर आपलं नाव त्या चुकीवरून काढून घेऊ नये, चूक नीट करून मग नाव पुन्हा लावावं.